‘बाईच म्हणते, काढून टाका’

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर चर्चा सुरू झाली की डॉक्टरांच्या बाजूने एक वाक्य हमखास येतं: आम्ही कुठे आग्रह करतो, बाईच येऊन म्हणते, काढून टाका एकदाची पिशवी. हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. खोट्या वाक्याला एका आकड्याने गप्प करता येतं. खऱ्या वाक्याच्या आड दडलेली सोय बाहेर काढायला जास्त कष्ट पडतात. दुसऱ्या बाजूने, वर्तमानपत्रांतून आणि मोर्चांतून, अगदी उलटं चित्र रंगवलं जातं: बिचारी अडाणी बाई, तिला मुकादमाने दटावलं, डॉक्टरने फसवलं, नवऱ्याने कागदावर सही ठोकली. पहिल्या चित्रात बाई गिऱ्हाईक आहे, दुसऱ्यात ती बळी आहे, आणि विचार करताना ती दोन्हीत कुठेच दिसत नाही. माझं म्हणणं असं की माणदेशातली पस्तिशीची बाई पिशवी काढायचं ठरवते तेव्हा विचार करूनच ठरवते, आणि तिच्यापुढे जेवढं ठेवलं गेलं तेवढ्याच्या हिशेबाने तो निर्णय बरेचदा चुकीचाही नसतो. चूक आहे ती पुढे ठेवलेल्यात. शस्त्रक्रियेआधी करून पाहण्याजोगे उपाय त्यात नसतात, आणि शस्त्रक्रियेनंतरची तीस-पस्तीस वर्षंही नसतात. मधला तासाभराचा भाग तेवढा तिला विकला जातो.

आधी जे मोजलं गेलं आहे ते पाहू. २०१९च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांची बातमी देशभर पोचली. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिलेल्या उत्तरानुसार त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या किंचित वर आहे. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं आणि मोजण्याच्या पद्धती सारख्या नाहीत, तेव्हा पाचपट-पाचपट म्हणून ढोल वाजवायचं कारण नाही. पण सगळाच फरक वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येईल एवढा तो लहानही नाही. मोजणी बीडला झाली म्हणून हे बीडचं दुखणं ठरलं, हा मात्र निव्वळ योगायोग. माण, खटाव, आटपाडी, जत या माणदेशातल्या अवर्षणाच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे निघणारे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, तशीच आगाऊ उचल घेऊन जातात, तशाच मुकादमाच्या हाताखाली राबतात आणि फडाच्या कडेला तशाच कोप्यांत राहतात.

बीडच्या बातमीबरोबर एक सरळसोट स्पष्टीकरणही गाजलं: पाळी आली की खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, म्हणून मुकादमच बायकांना पिशवी काढायला लावतो. खाड्याचा दंड खरा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातलं एक माणूस बसलं की दोघांचीही मजुरी बुडते आणि वर दंड लागतो, ही या धंद्याची रीतच आहे. पण एवढ्यावर थांबलं की खलनायक आपल्यापासून सोयीस्कर अंतरावर, उसाच्या फडात उभा राहतो. आधी सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत, २०१५-१६ साली, गर्भाशय का काढलं या प्रश्नाला निम्म्याहून जास्त बायकांनी जास्त रक्तस्राव किंवा पाळीतलं दुखणं हे कारण सांगितलं. शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय ३४ वर्षं निघालं, आणि सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या. म्हणजे बाई दवाखान्यात जाते ती मुकादमाचा निरोप घेऊन नव्हे, दुखणं घेऊन जाते. ते दुखणं तिने किती वर्षं अंगावर काढलेलं असतं, याचा अंदाज गडचिरोलीच्या एका जुन्या अभ्यासावरून येतो. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. साडेतीन दशकांत रस्ते झाले, मोबाइल आले, पण माणदेशातल्या बाईच्या वाट्याला सरकारी यंत्रणा अजूनही दोनदाच येते, बाळंतपणाला आणि नसबंदीला. पंचविशीच्या आसपास नसबंदीच्या टेबलावरून ती उतरली की यंत्रणेच्या वहीत तिच्या गर्भाशयाचं काम संपलेलं असतं. पुढची वीस वर्षं अंगावर पांढरं जाणं, कंबर धरणं, महिन्यातून दोनदा पाळी येणं हे सगळं तिचं तिने बघायचं.

आता तिच्या जागी बसून हिशेब मांडू. सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचा तर दहिवडीहून सातारा साठ-सत्तर किलोमीटर, जतहून मिरज त्याहून लांब. जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, सोबतीला कोणीतरी, आणि जनावरांची धार काढायला मागे कोणीतरी. एवढं करून पदरात पडते पंधरा दिवसांची गोळ्यांची पुडी आणि ‘परत या’ असा निरोप. जवळच्या बाजारपेठेत मात्र एका दुपारी सोनोग्राफी होते, कागदावर पिशवीला सूज असल्याचं येतं, आणि आज ना उद्या कॅन्सर होईल एवढं एक वाक्य कानावर पडतं. तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं दिसणं ही बहुतेक वेळा रोगाची खूण नसते, हे तिला कोणी सांगत नाही. एका पारड्यात दर महिन्याचे चार-पाच दिवस, औषधांचा न संपणारा खर्च आणि कॅन्सरची भीती. दुसऱ्यात एकदाच उचल घेऊन भागणारा खर्च आणि कायमची सुटका. या तराजूत शहरातली पदवीधर बाई बसवली तरी पारडं त्याच बाजूला झुकेल. म्हणून ‘बाईच म्हणते’ हे वाक्य डॉक्टरला निर्दोष ठरवत नाही. तराजूत काय काय ठेवायचं, हे त्यानेच ठरवलेलं असतं.

या हिशेबात सगळ्यांत जड वजन कॅन्सरच्या भीतीचं आहे, आणि तेच सगळ्यांत पोकळ आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ग्रामीण महाराष्ट्रात दुर्मीळ नाही, ही भीती हवेतून आलेली नाही. पण त्यावरचा उपाय याच महाराष्ट्राने जगाला दाखवून दिला आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त स्त्रियांवर जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले: एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्याच सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने त्याहून स्वस्त वाट दाखवली. दहावी झालेल्या, काही आठवडे शिकवलेल्या स्थानिक स्त्रियांनी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणीत काही आढळलंच तर गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग गोठवून किंवा काढून बहुतेकींचं काम भागतं. धाराशिव माणदेशापासून काही फार लांब नाही. तरीही २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केसुद्धा भरल्या नाहीत. ज्या बाईला तपासणी कधी मिळालीच नाही, तिला कॅन्सर होईल म्हणून सांगणं ही सावधगिरी म्हणता येणार नाही, तो धाक आहे. पांढरं जाणं हा बरेचदा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. शिवाय गर्भाशयमुख न तपासता गर्भाशय काढणं कर्करोगाच्या बाजूनेही घातक, कारण आत खरोखरच कर्करोग असला तर साधी शस्त्रक्रिया पुरत नाही आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

रक्तस्रावावरचे उपायही असेच कपाटात पडून आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी पाळीच्या दिवसांपुरती घ्यायची असते आणि ती सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं ऑर्मेलॉक्सिफेन ‘छाया’ या नावाने उपकेंद्रात फुकट मिळतं. ते जास्त रक्तस्रावावरही चालतं, पण आपल्याकडे ते गर्भनिरोधक म्हणून ठेवलेलं, आणि बाईची तर नसबंदी झालेली. मग तिला ते द्यायचं कोणी आणि कशाला? तांबीची कथा याहून विचित्र आहे. साधी तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसते आणि ती रक्तस्राव वाढवू शकते. हार्मोनची तांबी रक्तस्राव पुष्कळच कमी करते, पण ती बाजारातून काही हजार रुपये मोजून आणावी लागते. यावर आक्षेप येतो तो ठरलेला: फिरतीवरची बाई, सहा महिने फडात, तिला औषधोपचार आणि पुन्हा पुन्हा तपासणी परवडणार कशी, तिला एकदाच काय ते करून टाकणंच बरं. हा आक्षेप वरवर तिच्या बाजूचा वाटतो. पण हार्मोनची तांबी एकदा बसवली की किमान पाच वर्षं काम करते, तिला महिन्याच्या महिन्याला दवाखाना लागत नाही, आणि महाग म्हटली तरी शस्त्रक्रियेच्या बिलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. फिरतीच्या बाईला शोभेल असा उपाय खरं तर हाच आहे. तो मोफत पुरवठ्यात नाही याचं कारण हिशेब बसत नाही हे नसून, हा हिशेब कोणी मांडलाच नाही हे आहे.

या सगळ्याचा अर्थ गर्भाशय काढूच नये असा कोणी काढू नये. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, रक्त उतरून पाच-सहावर आलेलं हिमोग्लोबिन, कर्करोग, पूर्ण बाहेर आलेलं अंग, अशा वेळी शस्त्रक्रिया वरदान ठरते आणि ती लांबवणं क्रूरपणाचं होतं. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीत तर रबरी कडं बसवण्यासारखा साधा उपायही पुष्कळ जणींना पुरतो, पण ज्यांना पुरत नाही त्यांना डोक्यावर हंडे आणि उसाच्या मोळ्या वाहत वर्षानुवर्षं जगायला लावण्यात कसली आली स्त्रीवादी भूमिका? आपल्याकडे चळवळीच्या टोकाच्या भाषणांत कधी कधी हे विसरलं जातं, आणि मग खरी गरज असलेली बाई संशयाच्या नजरेला भिऊन गप्प बसते.

पण शस्त्रक्रिया योग्य असली तरी निर्णय तिथे पुरा होत नाही, आणि या विषयावरच्या मराठी लेखनात ज्याची जवळपास दखलच नाही तो भाग इथून सुरू होतो. गर्भाशय काढताना दोन्ही अंडाशयं काढायची की ठेवायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो स्वतंत्रपणे विचारायला हवा. चौतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं गेली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. एरवी आपल्याकडे ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, काही वर्षांच्या चढउतारानंतर येत असते. अंडाशयं जागेवर ठेवली तरी त्यांचं काम काहीसं लवकर थांबण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही अंडाशयं काढलेल्यांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू मात्र जास्त आढळले. परदेशी परिचारिकांचे आकडे माणदेशातल्या मजूर बाईला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मान्य. पण इस्ट्रोजन अकाली गेलं की हाडं ठिसूळ होतात, हे शरीरशास्त्र मुलूख बदलला म्हणून बदलत नाही. आणि ज्या बाईचं पोट तिच्या हाडांच्या जोरावर चालतं तिला त्याची झळ जास्तच बसणार. पिशवी काढल्यापासून अंगातून वाफा निघतात, रात्र-रात्र झोप लागत नाही, सांधे धरतात, जोर उरत नाही, या तक्रारी ‘ऑपरेशनने अशक्तपणा आला’ एवढ्या एका वाक्यात गुंडाळल्या जातात आणि सलाइनची एक बाटली लावून बाईला घरी धाडलं जातं.

या वयातल्या बाईवर उपचार आहे आणि तो जुना आहे. दोन्ही अंडाशयं अकाली गेली असतील, आणि रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग यांसारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजन द्यावं, असं भारतीय रजोनिवृत्ती संघटनेसह जगातल्या बहुतेक तज्ज्ञ संस्था सांगतात. गर्भाशय नसल्याने सोबत दुसरं हार्मोनही लागत नाही. तरीही ते लिहून द्यायला हात कचरतो, कारण २००२ साली अमेरिकेतून आलेली एक बातमी. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतला दोन हार्मोनांचा गट त्या जुलैत थांबवला गेला: वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या आठ, पक्षाघाताच्या आठ आणि हृदयविकाराच्या सात घटना जास्त. जगभर गोळ्या बंद झाल्या. पण त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, गर्भाशय शाबूत होतं आणि रजोनिवृत्तीला वर्षं लोटलेली होती. गर्भाशय काढलेल्यांचा वेगळा गट २००४ साली थांबवला गेला. त्यात नुसतं इस्ट्रोजन घेऊन स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता, पक्षाघात मात्र वाढला होता. त्रेसष्ट वर्षांच्या अमेरिकन आजीला लागू असलेली भीती चौतीस वर्षांच्या माणदेशी बाईच्या माथी मारणं हे वैद्यकशास्त्र नव्हे. आणि त्यातली विसंगती तर डोळ्यांत भरण्याजोगी: पोट उघडायला जो हात कचरत नाही, तो रोजची एक गोळी लिहायला कचरतो. उघड्या पोटाचे पैसे मिळतात, गोळीचे नाही, हे कारण मला पुरेसं वाटत नाही, कारण बहुतेक डॉक्टर इतके हिशेबी नसतात. खरं कारण असं की शस्त्रक्रियेनंतरची बाई परत येतच नाही, आणि जे परत येत नाही ते दिसत नाही.

इथे घरातली थोरली मंडळी वेगळाच मुद्दा काढतात: पाळी जाणं निसर्गाचं आहे, आमच्या आज्यांनी कुठल्या गोळ्या घेतल्या? मुद्दा बिनतोड आहे, फक्त तो या बाईला लागू नाही. आजीची पाळी तिच्या वेळेला गेली. नातीची टेबलावर गेली. पन्नाशीला आलेल्या बाईने त्रास सोसण्याजोगा असेल तर काहीच न घेणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि शहरात आता रजोनिवृत्तीचं जे दुकान मांडलं जातं आहे, चूर्णं, पूरक गोळ्या, महागड्या रक्ततपासण्या, त्याच्यापासून तिने लांबच राहावं. गंमत अशी की जिला गरज नाही तिच्या मागे दुकान लागलं आहे, आणि जिला गरज आहे तिला दुकानही नाही आणि दवाखानाही नाही.

मग येतो सगळ्यांत जुना आक्षेप. एवढं सगळं या बायकांना समजावून सांगायचं म्हणता, पण समजणार कसं? शिक्षण नाही, टक्केवारी कळत नाही, त्या शेवटी म्हणणारच, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. या आक्षेपाला उत्तर माणमध्येच आहे आणि ते सरकारदरबारी नोंदलेलं आहे. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही महिन्यांनी त्या अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांनाच आव्हान दिलं: कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, यंत्राशिवाय कोण आधी सांगतं ते पाहू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. चक्रवाढ व्याज ज्यांना तोंडी कळतं, दुष्काळात शेळ्या विकायच्या की छावणीवर न्यायच्या याचा निवाडा ज्या करतात, त्यांना ‘दहातल्या सात जणींना या तांबीने आराम पडतो, तिघींना नाही’ या धर्तीचं वाक्य कळणार नाही, हे मानायला फार मोठा अहंकार लागतो. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असं त्या म्हणतात, कारण त्यांना दुसरं काही विचारलेलंच नसतं.

कायदाही याबाबत डॉक्टरांच्या सोयीचा नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्ण भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली होती. शहाण्यासुरत्या प्रौढ स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये स्पष्ट केलं. संमती खरी ठरायची तर उपचाराचा हेतू, त्याचे परिणाम, मोठे धोके आणि दुसरे पर्याय हे सगळं सांगितलेलं असलं पाहिजे, असंही म्हटलं. आई चालत नाही तर नवरा कसा चालेल? तरीही छापील फॉर्मवर नवऱ्याची सही आधी आणि बायकोचा अंगठा नंतर, ही पद्धत जुनीच चालू आहे. आपल्या राज्याला याची आठवण दुसऱ्या एका कारणानेही असायला हवी. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, आणि समर्थन दिलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. तेव्हा पुण्यात आवाज उठला म्हणून ते थांबलं. सांभाळणाऱ्यांची सोय हेच कारण पुढे करून त्या मुलींच्या शरीराचा निर्णय घेतला गेला, आणि तो एका सरकारी संस्थेतून घेतला गेला.

सरकारने बीडनंतर काढलेला उपाय म्हणजे परवानगी. खाजगी रुग्णालयात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची मंजुरी घ्यायची. पुढे नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला; चाळिशीच्या आतल्या स्त्रीसाठी दोन डॉक्टरांच्या दाखल्याचा आणि जिल्हा पातळीवरच्या देखरेख समित्यांचा आग्रह त्यातूनच आला. हे सगळं नसण्यापेक्षा असलेलं बरं. धाकाने का होईना, बेफाम शस्त्रक्रियांना लगाम बसतो. पण नीट पाहिलं तर या व्यवस्थेत एका डॉक्टरच्या जागी दोन डॉक्टर आणि वर एक अधिकारी आला. बाई जिथे होती तिथेच राहिली. मंजुरी नाकारली गेली तर तिच्या रक्तस्रावाचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मंजुरी मिळाली तर अंडाशयांचं काय ठरलं, पुढे गोळी कोण देणार, हाडांची तपासणी कुठे होणार, हे त्या कागदावर नसतं. एका जिल्ह्यात कडक नियम लागला की शेजारच्या जिल्ह्याची वाट मोकळीच असते. नियमाने काय घडू नये ते ठरवलं. काय घडावं याची तरतूद त्याने केली नाही, आणि तीच जास्त खर्चाची आणि कमी टाळ्यांची गोष्ट आहे.

उरला एक आक्षेप, तो सगळ्यांत प्रामाणिक आहे आणि तालुक्याच्या गावी एकट्याने रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांचा आहे. मी नाही म्हटलं तर बाई पुढच्या गावाला जाईल, तिथला डॉक्टर काढून देईल, आणि समजावण्यात घातलेला अर्धा तास मला कोणी देणार नाही. खरं आहे. पण हा आक्षेप डॉक्टरच्या चांगुलपणाविषयी आहे, तर प्रश्न व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्थेला अर्धा तास विकत घेता येतो. शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनासाठी परिचारिका नेमता येते. आरोग्य योजनांनी शस्त्रक्रियेसाठी पैसे देताना हार्मोनची तांबी आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षाकाठची एक तपासणी यांनाही पैसे द्यावेत. राज्याच्या २०२१च्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे. तिच्या आधाराने एक मराठी कागद सक्तीचा करता येईल. त्यावर कोणते पर्याय सांगितले, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली, अंडाशयं ठेवली की काढली आणि काढली तर इस्ट्रोजनचं काय ठरलं, एवढं लिहिलेलं असावं. तो कागद बाईच्या हातात असला तर पुढच्या गावचा डॉक्टरही तो वाचेल, आणि पाच वर्षांनी मनगट मोडून ती आली तर तिथला डॉक्टर अंदाजाने चालणार नाही. म्हसवडला बायकांनी चालवलेलं माणदेशी तरंग वाहिनी हे समुदाय रेडिओ केंद्र आहे. पिशवीविषयी बोलायला त्याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. आणि गर्भाशयमुखाची तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन, तांबी बसवणं ही कामं माणदेशात करायचीच असतील तर भाद्रपदात करावीत. दसऱ्यानंतर शिबिराचा मांडव घातला तर त्यात अधिकारी भेटतील. ज्यांच्यासाठी शिबिर, त्या बायका तोवर कोप्यांत पोचलेल्या असतात.